दुखते कमरेत, धुमसते आतड्यात

बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात १९८०च्या दशकात काही रुग्णांना एक विचित्र विनंती केली जात होती. हे रुग्ण आलेले असत पाठीसाठी. कुणाची कंबर पहाटे धरायची, कुणाचा एकच गुडघा सुजून बसलेला असायचा, कुणाला सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नसे. पोटाची तक्रार मात्र नव्हती. भूक लागत होती, खाल्लेले पचत होते, पोट साफ होत होते. आणि हर्मन मीलान्ट्स व एरिक व्हेस हे सांध्यांचे दोन डॉक्टर त्यांना म्हणत होते, की तुमची हरकत नसेल तर आम्हाला तुमचे आतडे आतून पाहायचे आहे.

ज्याने कोलोनोस्कोपी करून घेतली आहे त्याला ही विनंती किती अवघड ते सांगायला नको. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पिऊन आतडे धुऊन काढायचे, मग गुदद्वारातून लवचिक नळी आत सारत मोठ्या आतड्याच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायची. घेंटच्या मंडळींना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. मोठे आणि लहान आतडे जिथे मिळतात ते दार ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरायचे होते आणि तिथल्या अस्तराचे बारीकसे तुकडे काढून आणायचे होते. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाने हे का करून घ्यावे? पण शेकडो जणांनी करून घेतले. या विषयातले आपले बरेचसे ज्ञान त्या सोशिक माणसांच्या उपकारावर उभे आहे.

तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या आतड्यात दाह सापडला. पोटात कळ नाही, जुलाब नाहीत, शौचातून रक्त नाही, आणि तरी अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी. पुष्कळदा दुर्बिणीतून पाहणाऱ्या डॉक्टरलाही अस्तर निरोगी दिसले होते. गडबड कळली ती सूक्ष्मदर्शकालाच. सुमारे तीन दशकांनी त्याच शहरात नव्या रुग्णांवर हीच तपासणी नव्याने झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. या वेळी आकडा होता ४६ टक्के. म्हणजे जुना निष्कर्ष हा त्या काळाचा किंवा त्या यंत्रांचा दोष नव्हता. कण्याच्या या आजाराने ग्रासलेल्या दर दोन माणसांपैकी जवळजवळ एकाचे आतडे धुमसत असते आणि त्याला त्याची दादही नसते.

पाठ कुणाची दुखत नाही? म्हणून ही कोणती पाठदुखी ते सांगायला हवे. जड उचलल्याने, वाकल्याने, दिवसभर खुर्चीत बसल्याने दुखते ती पाठ विश्रांतीने निवते. ही पाठ विश्रांतीने बिघडते. सुरुवात बहुधा विशी-तिशीत, कळेल न कळेल अशी. रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते, उठून चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. सकाळी अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ अंग आखडलेले. हालचाल सुरू झाली की सुटते. दुखणे कधी उजव्या कुल्ल्यात, कधी डाव्या. कण्याचा तळ आणि कंबरेची हाडे जिथे जुळतात त्या सांध्यांत हा दाह मूळ धरतो आणि काहींच्या बाबतीत वर चढत जातो. अनेक वर्षे उपचारांविना गेली तर मणक्यांच्या मधल्या जागेवर हाडाचे पूल बांधले जातात आणि कणा सलग होतो. एक्स-रे पाहणारे डॉक्टर त्याला बांबू स्पाइन म्हणतात. आजाराचे नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. आपल्याकडे पंचविशीतल्या मुलाला असे होऊ लागले की घरचे म्हणतात, लचक भरली असेल, गादी बदल, थंड फरशीवर बसू नकोस. त्यात वर्षे जातात. युरोप-अमेरिकेतही जातात, हे त्यातल्या त्यात समाधान.

हा आजार एकटा नाही. १९७४ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले मॉल आणि राइट हे दोन डॉक्टर म्हणाले, की सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, आतड्याच्या दीर्घ आजाराबरोबर येणारा संधिवात, जुलाबांच्या साथीनंतर येणारा संधिवात आणि हा कण्याचा आजार, हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. या घराण्याला आज स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. घेंटच्या डॉक्टरांना आतड्यात डोकवावेसे का वाटले त्याचे कारण या यादीतच आहे. एक नातेवाईक जुलाबांनंतर येतो, दुसरा क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजारांचा हात धरून येतो.

जुलाबांनंतरच्या संधिवाताचे एक प्रसिद्ध उदाहरण समुद्रावरचे आहे. १९६०च्या दशकात एका अमेरिकन युद्धनौकेवर शिगेला जिवाणूमुळे आमांशाची साथ आली. सुमारे तेराशे माणसांपैकी सहाशे आजारी पडले. आमांश बरा झाला, आणि मग त्या सहाशेंपैकी नऊ-दहा जणांचे सांधे सुजले, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ होऊ लागली. एकच जहाज, एकच जेवण, एकच जिवाणू. मग हेच नऊ-दहा का? उत्तराची किल्ली तेव्हा कुणाजवळ नव्हती. पुढे त्यांतले जे थोडे सापडले त्यांचे रक्त तपासले, तेव्हा बहुतेकांच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन निघाले: एचएलए-बी२७.

या प्रथिनाची गोष्ट १९७३ साली सुरू होते. लंडन आणि लॉस एंजलिस इथल्या दोन गटांना एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तेच सापडले. लंडनच्या गटाने अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचे ७५ रुग्ण तपासले; ७२ जणांत बी२७ होते. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ माणसांत ते फक्त तिघांत होते. वैद्यकाच्या इतिहासात एखादे जनुक आणि एखादा आजार यांचे नाते इतके ठसठशीत क्वचितच दिसते. आणि तरीही ज्यांच्यात हे जनुक असते त्यांतल्या बहुसंख्यांना जन्मभर काहीही होत नाही. उत्तर युरोपात साधारण आठ टक्के लोक ते घेऊन हिंडतात आणि त्यांतल्या बहुतेकांची पाठ ठणठणीत असते. तेव्हा जनुक पुरेसे नाही. आणखी काहीतरी लागते. ते काय, हे उंदरांनी सांगितले.

१९९० साली टेक्सासमधल्या डॅलस इथे रॉबर्ट हॅमर, जोएल टॉरोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचे बी२७ जनुक उंदरांच्या एका मोठ्या जातीत घातले. उंदरांना आधी जुलाब सुरू झाले. मग सांधे सुजले, मग कातडी आणि नखे बिघडली. माणसाच्या एका जनुकाने माणसाच्या आजारांचे जवळजवळ सगळे घराणे उंदरात उतरवले, हे एवढेही थक्क करायला पुरेसे होते. चार वर्षांनी याच चमूने पुढचा प्रयोग केला. तेच उंदीर, तेच जनुक, पण वाढवले पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात. हवा गाळलेली, पाणी आणि खाणे निर्जंतुक, आतड्यात एकही जिवाणू नाही. या उंदरांना ना आतड्याचा दाह झाला, ना सांध्यांचा. कातडीचे विकार मात्र झाले! म्हणजे जनुक झोपलेले नव्हते, ते काम करतच होते. पण आतडे आणि सांधे पेटायला जिवाणूंची गरज होती, आणि ती दोघांनाही एकदमच होती. जंतुविरहित उंदरांना नंतर जिवाणू दिले की दाह सुरू व्हायचा. गुडघ्याच्या सुजेचे उत्तर आतड्यातल्या जिवाणूंत शोधावे लागते, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दिसले ते या पिंजऱ्यांत. माझ्या मते या सबंध विषयातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

आतड्याचे अस्तर काय चीज आहे ते इथे थांबून पाहायला हवे. पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग टेनिसच्या कोर्टाएवढा असतो असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. २०१४ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नीट मोजले आणि तो सुमारे ३२ चौरस मीटर निघाला, बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाएवढा. पण एवढ्या सगळ्या विस्तारावर बाहेरचे जग आणि आपले रक्त यांच्यामध्ये उभा असतो पेशींचा फक्त एक थर. एकच. पलीकडे कोट्यवधी कोटी जिवाणू, अलीकडे आपण. या थरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तुम्ही गेल्या रविवारी जेवलात ते पचवणारे अस्तर आज जवळजवळ शिल्लक नाही. या थराच्या मागे शरीरातल्या प्रतिकारपेशींची सर्वांत मोठी छावणी आहे. त्यांचे खरे कसब हल्ला करण्यात नसून हल्ला न करण्यात आहे. रोज परके अन्न येते, परके जिवाणू राहतात, आणि या पेशी त्यांना ओळखून गप्प बसतात. पोटात रोज युद्ध पेटत नाही हेच मुळात आश्चर्य.

कण्याच्या रुग्णांत ही गप्प बसण्याची व्यवस्था कुठेतरी ढिली होते. इटलीतल्या पालेर्मो इथल्या फ्रान्चेस्को चिच्चा यांच्या गटाने २०१७ साली दाखवले, की या रुग्णांच्या लहान आतड्यात पेशींना पेशींशी जोडणारे टाके सैल असतात, अस्तराच्या आत जिवाणू शिरलेले दिसतात आणि जिवाणूंचे अवशेष रक्तात पोहोचलेले असतात. फ्रान्समधल्या एका गटाला त्याच वर्षी या रुग्णांच्या आतड्यात रुमिनोकॉकस नॅवस नावाच्या एका जिवाणूची संख्या वाढलेली सापडली. अस्तरावरचा चिकट थर खाणारा हा जीव आहे. आता इथे एक इशारा. ‘लीकी गट’ हा शब्द समाजमाध्यमांवर कधीचाच बाजारात बसला आहे, आणि आतड्याची गळती बंद करणाऱ्या भुकट्या, गोळ्या, काढे विकणाऱ्यांना पालेर्मोच्या संशोधनाशी काही देणेघेणे नाही. अस्तर आधी सैल झाले म्हणून दाह आला, की दाह आला म्हणून अस्तर सैल झाले, हे अजून ठरायचे आहे. भुकटीवाल्यांनी मात्र ते कधीच ठरवून टाकले आहे.

आतड्यातली ठिणगी कण्यापर्यंत कशी जाते? एक वाट पेशींच्या प्रवासाची. प्रतिकारपेशी आतड्यात वाढतात तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावर एक खूण उमटते आणि त्या खुणेच्या आधारे त्या रक्तातून फिरून पुन्हा आतड्यातच परततात. पण आतड्यात घडलेल्या काही पेशी या रुग्णांच्या रक्तात, अस्थिमज्जेत आणि सांध्याच्या पाण्यातही सापडल्या आहेत. दुसरी वाट ओळखीच्या घोटाळ्याची. बी२७ या प्रथिनाचे काम असते पेशीच्या आतले प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवणे, म्हणजे गस्तीवरच्या टी-पेशींनी ते पाहावे. २०२२ साली ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांच्या सांध्यातून आणि दाह झालेल्या डोळ्यातून अशा टी-पेशी वेगळ्या काढल्या, की ज्या बी२७वर धरलेला जिवाणूचा तुकडाही ओळखत होत्या आणि आपल्याच शरीराचा, त्याच्याशी साम्य असलेला तुकडाही. जिवाणूविरुद्ध शिकलेली पेशी घरच्याच माणसावर उठते ही शंका पन्नास वर्षे घेतली जात होती. तिला आता चेहरा मिळाला. या विशिष्ट टी-पेशींनाच निवडून संपवणारे सेनिप्रुटुग नावाचे औषध रशियात तयार झाले आणि २०२४ साली तिथे त्याला मान्यताही मिळाली. इतरत्र त्याची कसोटी लागायची आहे.

पण कणाच का? हाताची बोटे का नाहीत? याचेही एक उत्तर घेंटमधूनच आले, २०१४ साली. काही उंदरांमध्ये टीएनएफ हे दाह भडकवणारे प्रथिन जन्मतःच जास्त तयार होते. त्यांना क्रोनसारखा आतड्याचा आजार होतो आणि टाचेचा स्नायुबंध हाडाला जिथे जुळतो तिथे सूज येते. संशोधकांनी अशा काही उंदरांना शेपटीने असे अडकवले की मागचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. पुढचे पाय मोकळे, खाणेपिणे चालू. पंधरवड्यात दिसले ते असे, की जे पाय जमिनीला टेकत होते त्यांची टाच सुजली, जे टेकत नव्हते त्यांची नाही. ज्या जागी स्नायुबंध हाडाला खेचतो, ओझे घेतो, ताण सोसतो, तिथे हा दाह घर करतो. कंबर तर जन्मभर ओझ्याखालीच. हे वाचून कुणी व्यायाम सोडू नये, कारण माणसांत अनुभव उलटा आहे: रोजच्या ताण देणाऱ्या, पाठ सरळ ठेवणाऱ्या व्यायामाने या रुग्णांना फायदाच होतो आणि तो उपचाराचा अर्धा भाग आहे. उंदीर आणि माणूस यांच्यातली ही विसंगती अजून सुटलेली नाही.

पोट बिघडले की सांधे धरतात ही कल्पना आपल्याला परकी वाटायची नाही. हजार वर्षांहून जुन्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि न पचलेला आम सांध्यांत जाऊन बसतो असे त्याचे निदान आहे. यावर ‘आमच्याकडे हे आधीच ठाऊक होते’ म्हणून फुशारकी मारायची हौस कुणाला येईल. मला ती पटत नाही. बी२७, जंतुविरहित उंदीर आणि टी-पेशी माधवाचार्यांच्या पुढ्यात नव्हत्या, आणि आमवात म्हणून त्यांनी वर्णिलेला आजार नेमका हाच असेही म्हणता येत नाही. पण रुग्णाकडे नीट पाहणाऱ्या वैद्याला पोट आणि सांधे एकत्र बिघडताना दिसले असावेत, एवढे मान्य करायला काय हरकत आहे?

युरोपातही ही जोडी एका औषधाने नकळत उघडी पाडली. स्वीडनमध्ये नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टर होत्या. नाना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे धोतर-टोपी येते, पण या बाई. १९३७ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. संधिवात जंतूंमुळे होतो असे त्यांना वाटत होते, म्हणून जंतू मारणारे सल्फा औषध आणि दाह कमी करणारे सॅलिसिलेट एकाच रेणूत जोडून घ्यावे अशी त्यांची कल्पना. औषध बनवले सांध्यांसाठी. गुण आला तो अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांच्या आतड्याला! सल्फासॅलाझीन ते हेच, आजही वापरात आहे. त्यातली गंमत अशी, की हा जोडरेणू सुटा करायचे काम मोठ्या आतड्यातले जिवाणूच करतात. ते नसतील तर औषध तसेच पडून राहील. आज ते आतड्याला देतात आणि हातापायांच्या सुजलेल्या सांध्यांनाही देतात. कण्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आतडे आणि सांधे यांचे नाते सगळीकडे सारखे नाही. क्रोन किंवा कोलायटिसच्या रुग्णाचा गुडघा-घोटा सुजतो तेव्हा तो बहुधा आतड्याच्या तालावर वरखाली होतो. कोलायटिससाठी मोठे आतडे काढून टाकले तर असे सांधे अनेकदा शांत होतात. कणा तसा ऐकत नाही. आतडे काढले तरी तो आपला दाह चालूच ठेवतो. एकदा पेटल्यावर त्याला बहुधा ठिणगीची गरज उरत नाही.

आणि मग औषधांचे कोडे. १९९८ साली टीएनएफला अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोनसाठी मान्यता मिळाली. घेंटच्या डॉक्टरांनी ते क्रोन आणि सांधे दोन्ही बिघडलेल्या मोजक्या रुग्णांना दिले, आणि २००० साली त्यांनी कळवले की आतड्यासाठी दिलेल्या सलाइनने सांधेही निवले. पुढे ते कण्याच्या आजाराचे मोठे औषध झाले. सगळे छान जुळत होते. मग एटानरसेप्ट आले. तेही टीएनएफलाच अडवते. पाठीला उत्तम गुण, क्रोनला शून्य. टीएनएफ तेच, आजार सख्खे, आणि एक औषध दोन्हीकडे चालते, दुसरे एकाच ठिकाणी.

याहून मोठा धक्का पुढे होता. २००६ आणि २००७ या लागोपाठच्या वर्षांत असे आढळले, की इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहकाच्या ग्राहीचे जनुक क्रोन आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या दोन्ही आजारांशी निगडित आहे. हा संदेशवाहक पुढे इंटरल्यूकिन-१७ला उठवतो. मग सगळ्यांचा अंदाज एकच: यांपैकी कोणालाही अडवा, आतडे आणि कणा दोन्ही बरे व्हायला हवेत. इंटरल्यूकिन-१७ला अडवणारे सेक्युकिनुमॅब कण्याला लागू पडले, पण क्रोनच्या रुग्णांना दिल्यावर, २०१२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, आतडे बरे होणे राहिले बाजूला, काहींचे आणखी बिघडले. इंटरल्यूकिन-२३ला अडवणारी औषधे बरोबर उलटी निघाली. क्रोनला छान, कण्याला नाही; रिसँकिझुमॅबची कण्यावरची चाचणी २०१८ साली साफ अपयशी ठरली. एका साखळीच्या दोन कड्या, एक कडी एका अवयवाला आणि दुसरी दुसऱ्याला. आज यावरचे स्पष्टीकरण असे, की आतड्यात इंटरल्यूकिन-१७ अस्तराची डागडुजीही करते, म्हणून त्याला अडवणे आतड्याला महाग पडते. आणि कण्याजवळच्या काही पेशी २३ची वाट न पाहता स्वतःच १७ तयार करतात. पटण्यासारखे आहे. पण हे पश्चातबुद्धीचे शहाणपण आहे, चाचणीआधी जवळजवळ कुणीच असे सांगितले नव्हते.

रुग्णाच्या दृष्टीने या कोड्याला रोजचा अर्थ आहे. कण्यासाठी औषध निवडताना आतड्याची हकीकत विचारावीच लागते, कारण चुकीचे औषध सुप्त आजार जागा करू शकते. सर्वांत पहिल्यांदा दिली जाणारी आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन यांसारखी वेदनाशामके पाठीला गुणकारी खरी, पण पोटाचे अस्तर खरवडतात आणि क्रोन-कोलायटिस असेल तर ते भडकवू शकतात. घेंटच्या शोधावर पहिला आक्षेपही हाच होता, की हा दाह आजाराचा नसून गोळ्यांचा असेल. पण गोळ्या न घेणाऱ्यांतही तो सापडला, आणि त्याच गोळ्या खाणाऱ्या इतर संधिवातांच्या रुग्णांत फारसा सापडला नाही.

हा मूक दाह पुढे जातो कुठे? बहुतेकांत कुठेच नाही. घेंटमध्ये काही रुग्णांची काही वर्षांनी पुन्हा दुर्बिणीने तपासणी केली. ज्यांचे सांधे शांत झाले होते त्यांची आतडीही निवळली होती, ज्यांचे सांधे धगधगत होते त्यांचा आतड्यातला दाहही टिकून होता. सुमारे ७ टक्क्यांना पुढे उघड आतड्याचा आजार जडला, आणि पहिल्या तपासणीत ज्यांच्या अस्तराची घडीच विस्कटलेली होती, म्हणजे जुना, मुरलेला दाह होता, त्यांना धोका अधिक होता. म्हणून प्रत्येक कंबरदुखीवाल्याने कोलोनोस्कोपी करून घ्यावी असे कुणी सांगत नाही. शंका आली तर आधी शौचाच्या नमुन्यातले कॅलप्रोटेक्टिन मोजतात. पांढऱ्या पेशींतून सांडणारे हे प्रथिन वाढलेले असले तर आतड्यात दाह असण्याची शक्यता वाढते. मात्र वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा अहवाल वाचायचे काम डॉक्टरांचेच.

आपल्या देशात या सगळ्याला एक जास्तीची गाठ आहे, क्षयरोगाची. लहान आतड्याचा शेवटचा भाग हा क्रोनचा आवडता, आणि क्षयाचाही. दुर्बिणीतून दोन्ही सारखे दिसू शकतात, तुकड्यावरूनही नेहमी उकल होत नाही. क्रोनवर क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या गेल्याची उदाहरणे इथल्या पोटाच्या डॉक्टरांना नवी नाहीत. उलट बाजूने, टीएनएफ अडवणारे इंजेक्शन शरीरात दबून बसलेला क्षय उठवू शकते. म्हणून ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी टाळता येत नाही. युरोपातली पुस्तके वाचून आपल्याकडे उपचार करता येत नाहीत ते अशा ठिकाणी.

जेवणाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. लंडनमध्ये ॲलन एब्रिंगर यांनी १९७०च्या दशकापासून क्लेब्सिएला या आतड्यातल्या जिवाणूवर आरोप ठेवला आणि पिष्टमय पदार्थ कमी केले तर त्याचे खाद्य बंद होईल असा आहार सुचवला. भात-भाकरी-पोळी सोडायला सांगणारा हा आहार आजही लोक एकमेकांना पाठवतात. क्लेब्सिएलाचा गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि त्या आहाराच्या बाजूने भक्कम चाचण्या नाहीत. सिगारेट सोडण्याच्या बाजूने मात्र पुरावा भरपूर आहे. ती कण्यालाही वाईट, क्रोनलाही वाईट.

आपल्याकडे पोटाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, संधिवाताचे तिसरे, आणि डोळा लाल होऊन दुखू लागला की चौथे. चौघांकडे चार फायली. शौचाबद्दल बोलायची लाज असतेच, आणि कंबरेसाठी गेल्यावर पोटाचे कशाला सांगायचे असेही वाटते. तेव्हा विनंती एवढीच: चाळिशीच्या आत सुरू झालेली, रात्री उठवणारी, सकाळी आखडणारी आणि हालचालीने सुटणारी पाठदुखी तीन महिन्यांहून जास्त टिकली असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. आणि तिथे गेल्यावर न विचारताही सांगा: महिनाभर चाललेले जुलाब, शौचातून रक्त, विनाकारण उतरलेले वजन, रात्री झोपेतून शौचाला उठावे लागणे, लाल झालेला डोळा, घरात कुणाला असलेला सोरायसिस किंवा क्रोन. पोटाच्या डॉक्टरांकडे जाणार असाल तर त्यांना पाठीचे सांगा.